वर्ष एक, गाड्या दोन

"काय गं, सकाळपासून तुमच्या पोर्चमध्ये नुसती ठोकाठोक! गॅरेज काढलंय की काय?"

"नाव नका काढू, काकू. आमच्या ह्यांनी मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ बघितलेत, तेव्हापासून सर्व्हिसिंग घरीच. वॅगनआरला चार स्पार्क प्लग मागवले. बॉनेट उघडून बघतात तर जागा तीनच!"

"म्हणजे तीन सिलिंडरची निघाली. कुठल्या सालची गं?"

"२०१०ची. तेच साल टाकून मागवले होते की!"

"तिथंच घोळ झाला. २०१०च्या एप्रिलमध्ये वॅगनआरचं मॉडेल बदललं. आधीचीला १०६१ सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन. नंतरचीला ९९८ सीसीचं, तीन सिलिंडरचं. वर्ष एक, गाड्या दोन!"

"अगंबाई! तुम्हाला बरं ठाऊक हे सगळं?"

"आमच्या दिरांचं नाना पेठेत स्पेअरपार्टचं दुकान होतं ना. जेवायच्या पानावरसुद्धा हेच पुराण. गिऱ्हाईकानं गाडीचं नाव घेतलं की ते म्हणायचे, 'आरसी दाखवा.' त्यावर सतरा अक्षर-आकड्यांचा चासी नंबर असतो, त्यावरून पार्ट नंबर काढता येतो. आणि पासिंगची तारीख धरून बसू नका. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत पासिंग होते. बनावटीचा महिना आरसीवर वेगळा दिलेला असतो, तो बघा."

"माझ्या भाच्याची ग्लान्झा आहे. त्याला मेकॅनिक म्हणाला, बलेनोचे पार्ट चालतील. खरं का हो?"

"पुष्कळसे चालतात. ग्लान्झा म्हणजे टोयोटाच्या नावानं आलेली बलेनोच. तरी नंबर जुळवल्याशिवाय घेऊ नये."

"बरं, एक ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या भाऊजींनी म्हणे ब्रेकपॅड जुन्या बाजारातून आणले. तेही एकाच चाकाचे!"

"काय सांगतेस! अगं, आरशाचं कव्हर, दाराचं हँडल खुशाल आणावं तिथून. पण ब्रेकचं सामान नवंच घ्यावं. आणि पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एकीकडे ओढते."

"तरीच काल त्यांची गाडी आमच्या तुळशीच्या कुंडीवर चालून आली!"

"आता त्यांना सांगणार कोण? तू नको सांगूस, त्यांच्या सौंच्या कानावर मीच घालते. तू घरात सांग, जुना प्लग भंगारात टाकू नका म्हणावं. नंबर त्याच्यावरच छापलेला असतो. तो जुळवायचा आणि पक्कं बिल घ्यायचं."

"आणि ह्या चार प्लगांचं काय करू?"

"खोकी फोडली नसतील तर आजच्या आज परत पाठव. एकदा फोडली की कोणी परत घेत नाही. आणि ह्यापुढे आधी आरसी काढायची, मग जुना पार्ट. पाकीट सगळ्यात शेवटी!"