मामाचं फुकट नेट

जळगावहून धुळ्याला आगगाडीनं जाता येतं, पण ज्याला धुळ्याला पोचायची घाई नाही त्यानंच जावं. दोन्ही जिल्ह्यांची मुख्य गावं, रस्त्यानं अंतर नव्वदेक किलोमीटर. रुळांवरून जायचं तर आधी मुंबईच्या दिशेनं चाळीसगाव गाठायचं, तिथं उतरायचं आणि १९०० साली सुरू झालेल्या फाट्यावरची गाडी पकडून धुळ्यापर्यंत पुन्हा वर यायचं. दीडशेच्या आसपास किलोमीटर होतात. सुरतेचा मार्ग आहे, पण तो धरणगाव, अमळनेर, नरडाणा करत धुळ्याला लांबूनच रामराम करतो. मनमाड-इंदूर मार्गाला केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, त्यात धुळेकरांची सोय आहे. जळगावकराची एसटी काही सुटत नाही.

तर मे महिन्यातली भर दुपारची एसटी. संध्याकाळी धुळ्यात साखरपुडा, आणि त्याआधी एका संपादकांना लेखातल्या दुरुस्त्या पाठवायच्या होत्या. बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडला, विद्यापीठाची कमान मागं पडली, तसा मी मांडीवर लॅपटॉप उघडला आणि फोनचा हॉटस्पॉट सुरू केला. जळगाव-धुळे एसटीत लॅपटॉप उघडणारा माणूस एक तर निवडणुकीच्या कामावर असतो, नाही तर विम्याचा एजंट. शेजारच्या आबांनी मला विमेवाल्यांत टाकलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

इथं भाच्याची करामत सांगणं भाग आहे. हॉटस्पॉटला नाव द्यावं लागतं, ते नाव आसपासच्या फोनांत आपोआप झळकतं. दिवाळीत जळगावला आलेल्या माझ्या भाच्यानं ते काम माझ्या वतीनं उरकून टाकलं होतं. बसमधल्या तरुण मंडळींनी सवयीनं वाय-फायची यादी उघडली, तेव्हा त्यात एक 'पाटील साहेब', एक 'मागू नका', एक 'पोलीस व्हॅन' आणि सगळ्यांच्या वर, तीन रेघा भरून, 'मामाचं फुकट नेट'.

मागच्या बाकावरून आवाज आला, "गाडीत मामा कोण आहे भो?"

मी गप्प. पण लॅपटॉप माझ्या एकट्याच्याच मांडीवर. अख्ख्या बसनं दोन आणि दोन चार केले.

पहिला आला तो एरंडोलचा एक पोरगा, तोही कंडक्टरला सोबत घेऊन. "मामा, नेट द्या ना. तिकिटाचे पैसे टाकायचेत." त्याचं रोजचं दीड जीबी सकाळीच संपलं होतं. रात्री बारा वाजता नवं मिळतं, ते काही लोक न्याहारीच्या आतच खाऊन टाकतात. कंडक्टरच्या मशीनवर क्यूआर कोड तयार होता, पोराच्या खात्यात पैसे होते, नव्हतं ते फक्त नेट. कंडक्टर माझ्याकडे असा बघत होता, की गाडी थांबली तर ती माझ्यामुळे. एसटीत सवलतींना तोटा नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्याही आधीपासून फुकट प्रवास आहे. या पोराला दोन्ही लागू नव्हतं, म्हणून राज्य सरकारची उरलेली जबाबदारी माझ्यावर आली.

"पासवर्ड?"

पासवर्डही भाच्याचाच. तो किमान आठ अक्षरांचा लागतो. त्यानं गावाचं नाव इंग्रजीत घालून पुढं एक-दोन-तीन जोडलं होतं. मी म्हणालो, "धुळे, एक, दोन, तीन." पोरानं टाकलं, लागेना. आता शेजारच्या आबांनी तोंड वळवलं. ते निवृत्त शिक्षक निघाले.

"स्पेलिंग काय सांगितलं? डी, एच, यू, एल, आय, ए. इंग्रजांच्या कागदावर धुलिया आहे."

"आबा, ते जुनं. आता शेवटी ई असतो."

"आता काहीही असतं," आबा म्हणाले.

या वादात पासवर्ड, दोन्ही पाठभेदांसकट, ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत पोचला. गुप्तता म्हणून जी काही असते ती पाळधीच्या आत संपली.

खरं म्हणजे एसटीत वाय-फाय हे नवल नाही. काही वर्षांपूर्वी महामंडळानंच गाड्यांत वाय-फायचे डबे बसवले होते. फोन जोडला की त्यातले आधीच भरून ठेवलेले सिनेमे आणि गाणी बघता यायची, बाहेरच्या इंटरनेटशी त्याचा संबंध नव्हता. मला ती कल्पना फार शहाणपणाची वाटते. माणूस गाडीत बसला की जग बंद, समोर सिनेमा. पण ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आलं, महिनोन्महिने डेटा फुकट मिळाला, आणि तेव्हापासून जग बंद ठेवायला कुणी तयार नाही. खान्देशाला तो काळ एकूणच मानवला. जळगावच्या केळ्याला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेही त्याच सुमाराला. केळी आणि वांगी अजून पैसे देऊनच घ्यावी लागतात, एवढाच फरक.

एरंडोलच्या अलीकडे माझ्या पलीकडच्या बाकावरच्या आजी पुढं सरकल्या. हिरवं नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत रुमालात बांधलेला फोन. "भाऊ, मनी पोर पुण्याले शे. तिले तोंड दखाडनं शे. तुमनं नेट लेऊ का जरासं?"

असं कुणी विचारलं तर नाही म्हणायला निराळं काळीज लागतं. मी फोन जोडून दिला. पडद्यावर पुण्यातलं स्वयंपाकघर उगवलं, त्यात मुलगी, तिच्या कडेवर नात, मागं कुकर. आजींनी आधी नातीला पाहून घेतलं, मग गाडी दाखवली, मग खिडकीतून कापसाची उजाड रानं दाखवली, आणि मग फोन गर्रकन माझ्याकडे वळवला. "हाऊ मामा. यानंच नेट दिनं." पुण्यातल्या मुलीनं पदर सावरला आणि विचारलं, "मामा, जेवलात का?" मी जेवलो म्हणालो. "काय जेवलात?" शेवभाजी म्हणालो. "कुठली?" सांगितलं. त्या खानावळीची शेवभाजी आता पूर्वीसारखी राहिली नाही, असं तिचं मत पडलं. त्यावर बसमध्ये मतभेद झाले. माझ्या पैशानं पुण्यातलं एक स्वयंपाकघर आणि एक एसटी खान्देशातल्या रश्श्यावर भांडत होती आणि मधे मी, लॅपटॉपवर एका स्वल्पविरामाची जागा बदलत बसलो होतो.

एकदा आजींना दिलं म्हटल्यावर बाकीच्यांना विचारायचीही गरज उरली नाही. फोनवर आकडा चढू लागला: जोडलेली उपकरणं चार, सहा, नऊ. दहाला तो थांबला, कारण माझा फोन दहांहून जास्त जोडू देत नाही. ही त्याच्या आयुष्यातली एकमेव शिस्त. अकरावा माणूस उभा राहून विचारू लागला, "कोण उतरणार आहे एरंडोलला?" पूर्वी हा प्रश्न सीटसाठी विचारत.

या यंत्रणेची गंमत अशी की हॉटस्पॉट देणारा फोन आतल्या प्रत्येकाला एक खासगी क्रमांक देतो, पण बाहेर सगळ्यांची मागणी आपल्या एकाच पत्त्यावरून पाठवतो. म्हणजे बसमधली दहा माणसं बाहेरच्या जगाला एकच दिसतात. जगाच्या हिशेबात त्या दुपारी एरंडोलजवळ एक इसम होता, जो एकाच वेळी कापसाच्या बियाण्याचा भाव बघत होता, कालच्या सामन्यातले षटकार मोजत होता, ब्लाउजच्या मागच्या गळ्याच्या वीस तऱ्हा न्याहाळत होता, अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरत होता आणि गुडघेदुखीवर एरंडेल तेल चालतं का हे विचारत होता. तो इसम मी.

एरंडोल आलं. इथला पांडववाडा प्रसिद्ध आहे. आमच्या बसमध्ये मात्र पांडवांच्या दुप्पट माणसं एकाच ताटात जेवत होती. फोन थरथरला: 'आपण आजच्या डेटापैकी ५० टक्के वापरला आहे.' व्हिडिओ कॉल आणि षटकार धरूनही इतकं लवकर? मग चोर सापडला. पुढच्या बाकावरच्या एका सज्जनांचा फोन नुसताच मांडीवर पडलेला होता, ते स्वतः झोपलेले. पण फोन जागा होता. हॉटस्पॉटला जोडलेल्या फोनला वाटतं की आपण वाय-फायवर आहोत. वाय-फाय म्हणजे घर, घरचं म्हणजे फुकट. मोबाइल डेटावर बिचारा जी कामं पुढं ढकलत असतो ती सगळी तो उरकायला काढतो: फोटो ढगात चढवायचे, ॲप अद्ययावत करायची. या सज्जनांच्या घरी नुकतंच लग्न झालं असावं. हळदीचे, सीमांतपूजनाचे, वरातीचे व्हिडिओ एकामागून एक, माझ्या खिशातून, ढगाकडे निघाले होते. मालक घोरत होता. झोपलेल्या माणसाला उठवून "तुमची वरात थांबवा" असं कसं सांगायचं? मी खोकून पाहिलं. आबांनी पाणी दिलं.

तोवर फोन तापला होता. हॉटस्पॉट चालू असला की फोन एकीकडे टॉवरशी बोलतो, दुसरीकडे दहा जणांशी. त्यात गाडी पळत असल्यानं टॉवर सारखा बदलतो आणि दोन गावांच्या मधे सिग्नल क्षीण झाला की फोन आणखी जोरानं ओरडतो. बाहेर ४४ अंश. ॲपल आपला आयफोन शून्य ते ३५ अंशांच्या हवेत वापरायला सांगतं. खान्देशात हे पाळायचं तर होळीला फोन गुंडाळून ठेवावा आणि पहिला पाऊस पडल्यावर काढावा. माझा फोन काही आयफोन नव्हता, पण माणसासारखा तोही मेटाकुटीला आला. पडदा मंद झाला.

आता गाडीला खरी काळजी लागली. कुणी म्हणालं खिडकीबाहेर धरा. धरला, तर बाहेरची झळ आतल्यापेक्षा जहाल. कुणी गमछा भिजवून दिला. कुणी पाण्याची बाटली टेकवायला सांगितली, पण पाणीच एवढं कोमट होतं की त्यात चहापत्ती टाकायची तेवढी बाकी. शेवटी आजींनी फोन स्वतःच्या तळव्यावर घेतला आणि पदरानं वारा घालू लागल्या. माझ्या लेखाच्या दुरुस्त्या, अकरावीचा अर्ज आणि कुणाची तरी वरात या तिन्हींना त्या पदराचा वारा लागत होता. बस मिनिटभर गप्प होती. कंडक्टरनंही घंटी हळू मारली.

पारोळ्याच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा निरोप आला: १०० टक्के. यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगात फोटो वरून खाली उतरतो. आधी फेटा, मग कपाळ, भुवया येईपर्यंत ज्याचा फोटो त्याचा फोन येऊन जातो. षटकार हवेत अडकले. ब्लाउज अर्ध्यात राहिले. अकरावीचा अर्ज मात्र तेवढ्यात सुटला होता, आणि पोरीनं पेढ्याऐवजी मला गोळ्या-बिस्किटांतली एक गोळी दिली. माझ्या दुरुस्त्याही गेल्या. अक्षरांचं वजन ते काय, चिमूटभर केबी, ६४ च्या वेगातही गेल्या असत्या. म्हणजे मला एकट्याला या सगळ्या जीबीची गरजच नव्हती. झोपलेले सज्जन पारोळ्याला जागे झाले, फोन पाहिला आणि समाधानानं म्हणाले, "वा, सगळे फोटो चढले."

मुकटीच्या पुढं, बस उदास असताना, अगदी मागच्या बाकावरचा एक शांत इसम उठून माझ्यापाशी आला. "मामा, माझं घ्या. माझ्याकडे फाइव्ह-जी आहे, अनलिमिटेड." यादीतला 'मागू नका' तो हाच. मी विचारलं, मग इतका वेळ? तो म्हणाला, "कुणी मागितलंच नाही." आणि त्यानं पासवर्ड सांगितला, तोही जोरात, गाडीभर ऐकू जाईल असा. फाइव्ह-जी फागण्यापर्यंत काही आलं नाही, पण माणसाचं मन दिसलं.

धुळे जवळ आलं तसे आबा बोलते झाले. विमेवाल्याला त्यांनी आता माणसांत घेतलं होतं. म्हणाले, धुळ्याला हे वाटपाचं काम नवं नाही. १९३२ साली इथल्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा अध्यायांचे अठरा रविवार, आणि साने गुरुजी ते सगळं लिहून घ्यायचे. त्यातून 'गीता प्रवचने' झालं आणि भारतभरच्या भाषांत गेलं. "एकाकडून घेतलं, सगळ्यांना दिलं. आणि ५० टक्के झालं असा निरोप कुणाला आला नाही," आबा म्हणाले. मी म्हणालो, गुरुजींच्या वेळी वरातीचे व्हिडिओ नव्हते. आबांनी ते मान्य केलं.

उतरताना दहापैकी नऊ जणांनी "येतो मामा" म्हटलं. दहावा खाली उतरून स्टँडवरही माझ्या मागोमाग चालत होता. त्याचं काहीतरी डाउनलोड व्हायचं राहिलं होतं, तेही ६४ च्या वेगात.

या रस्त्यानं जाणार असाल तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये डेटाची मर्यादा घालायची सोय बऱ्याच फोनांत असते, ती आधी घालून ठेवा. आणि द्यायचंच नसेल तर "बॅटरी संपली" म्हणा. "माझंही नेट संपलंय" असं चुकूनही म्हणू नका. चार जण फोन पुढं करतील, आणि मग प्रत्येकाचं थोडं थोडं वापरल्याशिवाय तुम्हाला धुळ्याला उतरू देणार नाहीत.