आलाच आहात तर…

मुंबईच्या नोंदीतली सर्वांत कडाक्याची थंडी 22 जानेवारी 1962 ची. त्या दिवशी सांताक्रूझला पारा 7.4 अंशांवर उतरला होता. हल्ली बोरिवलीत तो सोळावर आला की माकडटोप्या बाहेर निघतात, पण घर ऊबदार ठेवणारी यंत्रं बसवायची वेळ उपनगरांवर येत नाही. इथे तापवायचं ते दूध, अंघोळीचं पाणी आणि वर्षातून एकदा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचं वातावरण.

पण दूध-पाणी तापवायलाही गॅस लागतो, आणि गॅस जोडायला माणूस. ब्रिटनमध्ये ‘गॅस सेफ’ नोंदवहीत नाव असल्याशिवाय पैसे घेऊन गॅसच्या जोडणीला हात लावणं गुन्हा आहे. मुलुंड ते घाटकोपर पट्ट्यात नेमणुकीची पद्धत याहून सोपी आहे. बेसिनखालचा पाइप गळतो म्हणून प्लंबर येतो. त्याने पाना पिशवीत टाकला की आतून हाक येते : “भाऊ, आलाच आहात तर जरा शेगडीचंही बघून जा.” भाऊ बघतात. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं : “होऊन जाईल, काकू.” मुलाखत संपते, नेमणूक होते.

या भाऊंकडे महापालिकेचा परवाना असला, तरी तो पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या कामाचा. पाणी गळलं तर खालच्या मजल्यावरचे शेजारी भांडायला येतात, हा त्यांचा अनुभव दांडगा. गॅसचा स्वभाव निराळा. पाइपातून येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन. हवेपेक्षा हलका, त्यामुळे गळला की छताकडे चढतो. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, तो फरशीलगत साचतो. दोन्हींच्या शेगडीचं जेटही वेगळं. एलपीजीत तेवढ्याच आकारमानात उष्णता अडीचपटीच्या आसपास भरते, म्हणून त्याच्या जेटचं छिद्र बारीक. पाइप गॅसची शेगडी जेट न बदलता सिलिंडरला जोडली, की ज्योत कढईबाहेर डोकावते आणि पातेल्यांची बुडं काळी होतात. मग काकू पातेल्यांच्या कंपनीला नावं ठेवतात.

प्लंबर गेला की सुतार येतो. 1995 मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस या पाइप गॅस कंपनीने मीटर आणि कॉक हाताशी राहतील असे भिंतीवर बसवलेले असतात. मॉड्युलर किचनच्या नकाशात ते ‘ऑड’ दिसतात. त्यामुळे मीटर लॅमिनेटच्या कपाटात, कॉक गव्हाच्या पिठाच्या डब्यामागे आणि पाइप फॉल्स सीलिंगच्या वर जातो. कपाटाला जाळी ठेवलीच, तर ती खालच्या बाजूला. मिथेन वर जातो हे सुताराला कोणी सांगितलेलं नसतं, आणि घरमालकाने विचारलेलं असतं ते लॅमिनेट मॅट घ्यावं की ग्लॉसी, एवढंच.

या विनोदाची एक बाजू मात्र हसण्यासारखी नाही. जानेवारी 2020 मध्ये बोरिवलीत न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे एका पंधरा वर्षांच्या मुलीचा जीव गेला. मार्च 2023 मध्ये धुळवडीनंतर घाटकोपरमध्ये एक दांपत्य न्हाणीघरात मृत सापडलं, आणि पोलिसांचा पहिला संशय गॅस गीझरवरच गेला. कोंडलेल्या जागेत ज्योतीला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा असतो. पण दुकानातून गीझरसोबत येणारा ‘फ्री फिटिंग’वाला मुलगा भिंतीत भोक कुठे पाडायचं तेवढंच विचारतो. पाणी गरम आलं की त्याचं काम झालं.

याच शहरात एके काळी गॅसच्या कामात केवढी श्रमविभागणी होती! कोळशापासून गॅस बनवणाऱ्या बॉम्बे गॅस कंपनीत ‘सायफन पंपर’ नावाचे कामगार होते. गॅसच्या नळांत सखल जागी साचणारं पाणी उपसणं, हेच त्यांचं काम. त्यांच्या पगारी साप्ताहिक सुट्टीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ‘बॉम्बे गॅस कंपनी विरुद्ध गोपाळ भिवा’ हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत गेला. नळातलं पाणी उपसायलाही तेव्हा ठरलेला माणूस होता. आता जो दारात उभा असेल तो माणूस.

घराबाहेरही तीच रीत. मार्च 2025 मध्ये अंधेरी पूर्वेच्या शेर-ए-पंजाब भागात रस्त्याच्या खोदकामावरच्या जेसीबीने मध्यरात्रीनंतर गॅसवाहिनी फोडली, आग भडकली आणि तिघे होरपळले. नोव्हेंबर 2025 मध्ये ट्रॉम्बेच्या आरसीएफ खत कारखान्याच्या आवारात गेल कंपनीच्या मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली आणि उपनगरांतल्या रिक्षा सीएनजी पंपांसमोर रांगा लावून उभ्या राहिल्या. अशा वेळी निघणाऱ्या निवेदनात दोष ‘त्रयस्थ पक्षा’चा असतो. त्रयस्थ पक्ष म्हणजे दुसऱ्याच कामासाठी आलेला माणूस.

या बाजारात स्वतःहून ओळख सांगणारा एकच प्राणी आहे : भामटा. तो फोनवर नाव सांगतो, पद सांगतो, “बिल थकलंय, आज रात्री गॅस बंद होणार” असं बजावतो आणि मोबाइलवर एक एपीके फाइल धाडतो. महानगर गॅसने अशा फोनांबद्दल ग्राहकांना वारंवार सावध केलं आहे. तरी फाइल उघडली जाते, आणि गॅसऐवजी बँकेचं खातं रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा खरा माणूस गळ्यात ओळखपत्र अडकवून मीटर वाचायला येतो. वॉचमन त्याचा फोटो काढतो, रजिस्टरमध्ये सही घेतो आणि वर फोन करतो. काकू दाराच्या साखळीआडून त्याला दोनदा आपादमस्तक न्याहाळतात आणि विचारतात, “कशावरून तुम्ही गॅसवाले?” तो ओळखपत्र दाखवतो, काकू चष्मा लावून ते वाचतात, आत जाऊन कपाटाशी थोडी खटपट करतात आणि परत येऊन सांगतात, “उद्या या. मीटर कपाटात आहे, सुताराला बोलावून ठेवते.”