अंधाराची सोय

रायगडातल्या म्हसळ्याचा माणूस आभाळाकडे उगाच बघत नाही. तो मान वर करतो तेव्हा त्याचं तिथे काहीतरी काम असतं. संकष्टीला बायका गॅलरीत येऊन डोंगरावर नजर लावून बसतात, कारण चंद्र दिसल्याशिवाय पानावर बसता येत नाही. आणि आमच्याकडे चंद्र कॅलेंडरातल्या वेळेला कधीच दिसत नाही. कॅलेंडर छापणाऱ्याने क्षितिज धरलेलं असतं, डोंगर धरलेला नसतो. शाबानच्या २९ तारखेला मगरिबच्या सुमारास मोहल्ल्यातली निम्मी मंडळी गच्चीवर असतात, पश्चिमेकडे तोंड करून एकमेकांना बोट दाखवत. खाडीत होडी घालणाऱ्याला तिथी तोंडपाठ असावी लागते, कारण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, हे त्याला घड्याळाशिवाय कळतं. बागायतदार पौषात रोज सकाळी आभाळ तपासतो, कारण मळभ धरलं की मोहोरावर तुडतुडे आलेच. आणि जूनमध्ये तर सगळा तालुकाच ज्योतिषी होतो. मृग लागला हे ठीक, पण वाहन काय? बेडूक असेल तर बरं आहे, गाढव असेल तर बियाणं जपून काढा.

ज्या गावाचा आभाळाशी एवढा रोजचा व्यवहार, त्या गावात गेल्या वर्षी जानेवारीत एसटी स्टँडजवळ एक फलक लागला. ‘आकाशदर्शन. शनिवार, २५ जानेवारी २०२५. विनामूल्य. सर्वांनी यावे.’ फलक वाचणाऱ्या पहिल्याच गृहस्थाने विचारलं, “कशासाठी?”

याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. ‘आमच्यापैकी’ म्हणजे सायन्सचे एक निवृत्त सर, एक मेडिकल दुकानवाले, पनवेलला इंजिनीअरिंग शिकणारा आणि आईबापांना न सांगता दुर्बीण घेतलेला एक मुलगा, आणि सतरंज्या ज्याच्या घरी आहेत तो मी. “तारे बघायला,” असं सर म्हणाले. गृहस्थाने वर बघितलं, खाली बघितलं, आणि “ते तर रोजच असतात” म्हणून तो बसमध्ये चढला.

खरं तर हे वेड महाराष्ट्राला नवं नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना तारे दाखवते आहे, आणि मुंबईचं खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास उभं राहिलं. मुंबईत नोकरीला असताना मी या मंडळाच्या मागे वांगणीला जात असे. अमावास्येच्या आसपासचा शनिवार असे. बदलापूरपर्यंत लोकल रिकामी होत जाई आणि उरलेले सगळे पाठीवर पिशव्या आणि काखेत चटया घेतलेले आपलेच लोक. रात्रभर उताणं पडून वर बघायचं आणि पहाटेच्या गाडीने डोळे चोळत घरी यायचं. अंधार बघण्यासाठी माणसं तिकीट काढून जातात, हे मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “मग इथे ये की. इथे आठवड्यातून तीनदा असतो.”

ती काही चुकीचं बोलत नव्हती. विजेपासून लांब पळायचं तर रायगडातच यावं लागतं, हे सरकारच्याही फार पूर्वी लक्षात आलं होतं. कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय मोजमापं चालत. मुंबईतल्या ट्राम विजेवर चालणार असं ठरलं, आणि त्या विजेने तिथल्या नाजूक सुया थरथरणार हे उघड होतं. नानाभाई मूस तेव्हा संचालक होते. त्यांनी १९०४ साली नवी चुंबकीय वेधशाळा अलिबागला उभी केली. मापं चुकू नयेत म्हणून इमारतीत लोखंड वापरलं नाही. ट्राम विजेवर धावल्या १९०७ मध्ये, म्हणजे वेधशाळा तीन वर्षं आधीच पळाली होती. सरकारी काम वेळेच्या आधी झाल्याचं आमच्या जिल्ह्यातलं हे उदाहरण मी जमेल तिथे सांगतो. लोकांचा विश्वास बसत नाही.

मात्र नुसता अंधार असून भागत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं आणि म्हसळ्यातून पुढे गेलं. खांब आडवे झाले, तारा लोंबल्या, आणि कित्येक दिवस रात्री काळ्याकुट्ट झाल्या. असा अव्वल दर्जाचा अंधार मी लहानपणानंतर बघितला नव्हता. जुलैमध्ये तर निओवाइज नावाचा धूमकेतू साध्या डोळ्यांनी दिसेल असा वायव्येला संध्याकाळी यायला लागला. अंधार होता, धूमकेतू होता, लॉकडाऊनमुळे माणसंही घरीच होती. आणि वर आषाढातले ढग. सर रोज गच्चीवर, फाटक्या पत्र्यांमधून वाट काढत, छत्री घेऊन जात आणि धूमकेतू जिथे असायला हवा त्या दिशेला दहा मिनिटं उभे राहून परत येत. “आहे तिथेच,” असं खाली येऊन सांगत.

असो. आकाशदर्शनाच्या परवानगीचा अर्ज मी एका कचेरीत घेऊन गेलो. साहेबांनी तो वाचायला घेतला.

“ध्वनिक्षेपक?”

“नाही साहेब.”

“मंडप?”

“नाही. वरचं दिसायला पाहिजे ना.”

“लाइटची व्यवस्था?”

“लाइट नको आहे. अंधारच पाहिजे.”

साहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे रात्री, मोकळ्या माळावर, बायकामुलांना घेऊन, तुम्ही अंधारात नुसते जमणार?”

हे असं ऐकलं की आपल्यालाही आपला संशय यायला लागतो. शेवटी अर्जावर ‘शैक्षणिक’ असं लिहिलं आणि गाडी पुढे गेली. आपल्याकडे ‘शैक्षणिक’ म्हटलं की कोणी फार खोलात शिरत नाही.

त्या महिन्यात एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली होती. मोबाइलवर ‘ग्रहांची परेड’ फिरत होती. सगळे ग्रह एका रांगेत येणार, असा योग पुन्हा नाही, घराचे दरवाजे बंद ठेवा, दरवाजे उघडे ठेवा, अशा दोन्ही सूचना एकाच ग्रुपवर होत्या. शुक्र, शनी, गुरू आणि मंगळ संध्याकाळी एकाच वेळी दिसत होते हे खरं. पण सगळे ग्रह सूर्याभोवती जवळजवळ एकाच पातळीत फिरतात, त्यामुळे ते दिसतात तेव्हा रांगेतच दिसतात. रांग मोडायची सवय ग्रहांना नाही, ती आमच्याकडे सात वाजल्यापासून दिसायला लागली.

दुर्बीण सहा इंची आरशाची. पोरांनी ती पाहिली आणि जाहीर केलं की हे कलालबांगडीचं पिल्लू आहे. जंजिऱ्यावरची ती तोफ प्रत्येकाने शाळेच्या सहलीत घोड्यासारखी वापरलेली असल्यामुळे दोन जण लगेच दुर्बिणीवर स्वार व्हायच्या तयारीत होते. सरांनी त्यांना लांब केलं आणि नियम सांगितले. नळीला हात लावायचा नाही. टॉर्च लावायची नाही. लागलीच तर लाल कागद लावलेली. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक पांढरा झोत ती सगळी मेहनत घालवतो. सर हे सांगत होते तेवढ्यात सतरंजीच्या कडेला साप आहे का ते बघण्यासाठी अकरा मोबाइलच्या टॉर्च एकदम पेटल्या.

दुर्बिणीला डोळा लावण्यात माणसाचा स्वभाव दिसतो. काही जण उघडा डोळा मिटतात आणि मिटलेल्या डोळ्याने बघतात. काही जण नळी घट्ट धरतात, ग्रह पसार होतो, आणि मग “काही नाही हो यात” असं मागच्यांना सांगतात. एक जण तर पूर्ण आदराने चप्पल काढून पुढे आला.

पहिला नंबर शुक्राचा. मोहल्ल्यातले एक चाचा, आयुष्य कुवेतला घालवून आता इथे स्थायिक झालेले, त्यांनी डोळा लावला आणि झटक्यात मागे झाले.

“भाऊ, रमझानला अजून महिना आहे. हा चाँद कुठून काढलास?”

शुक्राच्याही कला होतात आणि त्या रात्री तो अर्ध्याहून थोडा कमी होता, हे पनवेलच्या मुलाने समजावलं. १६१० मध्ये गॅलिलिओलाही असंच दिसलं होतं, हेही सांगितलं. चाचांनी पुन्हा बघितलं. मग मागच्या चार जणांना हाताने थोपवून तिसऱ्यांदा बघितलं. “कमिटीला सांगू नका,” म्हणाले, “आधीच दरवर्षी एका चाँदावर भांडणं होतात.”

शनी मावळायच्या आत दाखवायचा होता. रांगेत पुढे शेजारच्या आजी होत्या.

“शनी? नको रे बाबा. मला आपला गुरू दाखव.”

“आजी, एकदा त्याची कडी तर बघा. लोक त्यासाठी कुठून कुठून येतात.”

आजींनी देवाचं नाव घेतलं आणि डोळा लावला. “कुठाय कडी? एक सुई टोचल्यासारखी दिसते.”

तीही खरीच गोष्ट होती. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि त्यात दोनदा त्याची कडी आपल्याला अगदी कडेवरून दिसते. मार्च २०२५ मध्ये ती वेळ येणार होती, म्हणून जानेवारीतच कडी बारीक रेघ होऊन बसली होती. सरांनी हे नीट समजावलं.

“म्हणजे गहाण टाकली म्हणा की,” आजी म्हणाल्या.

पण सर भरात आले होते. साडेएकोणतीस वर्षांत बारा राशी, म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन राशी धरल्या की साडेसात. साडेसातीत एवढंच गणित आहे, घाबरण्यासारखं काही नाही, असं त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग रांगेकडे वळून म्हणाल्या, “बघा, सरांच्या सायन्सातपण येतेच साडेसाती.” त्यानंतर शनी बघायला कोणी पुढे येईना.

गुरूने मात्र मैदान मारलं. तो रोहिणीच्या शेजारी डोक्यावर तळपत होता आणि दुर्बिणीत त्याचे चारही चंद्र ओळीने दिसत होते. त्यातला सर्वांत आतला आयो पावणेदोन दिवसांत एक फेरी पुरी करतो, असं मुलाने सांगितलं. तेव्हा एक काकी गंभीर झाल्या.

“आणि चार आहेत?”

“हो.”

“मग तिथल्या बायकांनी संकष्टी सोडायची कधी?”

यावर खगोलशास्त्रात उत्तर नाही. गुरूचा तो प्रकाश साधारण सदतीस मिनिटांपूर्वी निघाला आहे, हा तपशीलही लोकांना आवडला. तेवढ्या वेळात आमच्याकडून सुटलेली माणगावची एसटी माणगावला पोचत नाही. आणि कृत्तिकांचा प्रकाश साधारण ४४० वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा शहाजीराजांचाही जन्म व्हायचा होता, असं सर म्हणाले तेव्हा खरोखरच दोन मिनिटं कोणी बोललं नाही. बोलायला लागला तो शेजारच्या वाडीतला लाउडस्पीकर. जानेवारीतला शनिवार म्हणजे टेनिस बॉलच्या रात्रीच्या सामन्यांचा हंगाम, हे आमच्यापैकी कोणीच हिशेबात धरलं नव्हतं. झाडांच्या वर एकाएकी पांढरा उजेड फाकला. सर म्हणाले, “हा मृग, हे त्याच्या पोटातले तीन तारे, आणि खाली हा व्याध…” आणि वाऱ्यावरून उत्तर आलं, “…थेट सीमारेषेबाहेर, सहा धावा!” पोरांनी व्याधाला टाळ्या दिल्या.

सर्वांत मोठी निराशा ध्रुवाने केली. सगळ्यांना ध्रुव बघायचा होता. गोष्ट प्रत्येकाला पाठ. पण ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश, आणि आमचा अक्षांश पडला अठरा. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या की तेवढ्याच उंचीवर तो असतो, आणि आमच्याकडे त्या दोन मुठींत डोंगर, आंबा आणि एक मोबाइल टॉवर येतो. शेवटी मैदानाच्या टोकाला जाऊन टॉवरच्या डावीकडून तो सापडला. तेजात ताऱ्यांच्या यादीत त्याचा नंबर पन्नाशीच्या आसपास लागतो.

“एवढासाच?” एका मुलीने विचारलं. “एवढी तपश्चर्या करून?”

“अढळपद दिलं होतं त्याला, बल्ब नाही,” सर म्हणाले. तोवर सरांचाही घसा बसला होता.

नऊनंतर दव पडायला लागलं. कोकणातलं दव म्हणजे पागोळ्या गळतात. आयपीसवर धुकं धरलं, गुरूचे दोन चंद्र गेले, मग चारही गेले. मेडिकलवाल्यांनी डोक्यावरची कानटोपी काढून आयपीसला घातली आणि स्वतः उपरणं गुंडाळून उभे राहिले. आकाशदर्शन आटपायलाच आलं होतं, तेवढ्यात गाड्यांचे चार झोत मैदानात शिरले. आमचे एक पुढारी वाट वाकडी करून खास आले होते. सोबत व्हिडिओवाला, त्याच्या कॅमेऱ्यावर दिवा. सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले. पुढाऱ्यांनी कानटोपीसकट दुर्बिणीला डोळा लावला, फोटो होईपर्यंत तसाच ठेवला, “अप्रतिम” असं म्हणाले आणि बोलायला उभे राहिले.

विज्ञानावर बोलले, चांद्रयानावर बोलले. मग आवाज जड झाला.

“पण खरं सांगू? इथे आल्यावर मनाला फार लागलं. माझ्या माताभगिनी, ही लहान लेकरं, एवढ्या काळोखात बसून शिक्षण घेतायत. स्वातंत्र्याला इतकी वर्षं झाली. मी शब्द देतो, पुढच्या कार्यक्रमाच्या आत या मैदानावर हायमास्ट उभा राहील!”

टाळ्या पडल्या. त्या रात्रीतल्या सर्वांत मोठ्या. आजींनीही वाजवल्या.

सर गाडीपर्यंत धावत गेले. “साहेब, एक विनंती होती. आम्हाला अंधारच लागतो हो.”

पुढाऱ्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

“सर, संकोच करू नका. फंड आहे.”