हातोडी कुठे आहे?

१ जुलै २०२३ ची मध्यरात्र उलटून गेली होती. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी स्लीपर बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ डाव्या कुशीवर उलटली आणि तिने पेट घेतला. दरवाजा डावीकडेच, तो रस्त्यावर दाबला गेला. २५ माणसं गेली. जे वाचले त्यातले काही काच फोडून बाहेर पडले. त्याआधी ८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिकमध्ये यवतमाळ-मुंबई बस पेटून १२ जण गेले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आंध्रात कुर्नूलजवळ पुन्हा तेच, पुन्हा स्लीपर, पुन्हा गाढ झोपेची वेळ.

दर वेळी वाद रंगतो तो टायर फुटला की ड्रायव्हरला डुलकी लागली यावर. पेटल्या गाडीतून माणसांना बाहेर का पडता आलं नाही, हे कुणी तितक्या नेटाने विचारत नाही. त्याचं उत्तर आदल्या संध्याकाळी, बस सुटते तिथेच मिळालं असतं.

मध्यंतरी अशाच एका बसने रात्रीचा प्रवास केला. संकटकाळी उघडायची खिडकी शेवटच्या बर्थमागे होती आणि तिच्यापुढे जादा गाद्या, ब्लँकेटांचा ढीग आणि सुतळीने बांधलेली पार्सलं रचलेली. काच फोडायच्या हातोडीची फक्त खोबण दिसली. क्लीनर म्हणाला, "पब्लिक घेऊन जातं साहेब, म्हणून हातोड्या ऑफिसात ठेवल्यात." पब्लिक नेत असेलही. मग साखळीने बांधा. चाळीस झोपलेल्या माणसांच्या गाडीत हातोडी ऑफिसात ठेवणं हा गुन्हा आहे आणि त्याला गुन्हाच म्हटलं पाहिजे.

कायदा कमी नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. फिटनेस सर्टिफिकेट पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावं लागतं. मोटर वाहतूक कामगार कायदा तर १९६१ पासून २०२५ पर्यंत ड्रायव्हरला दिवसाला आठ तासांचीच ड्युटी सांगत होता, लांब पल्ल्याला फार तर दहा. पण गाडी पासिंगला जाते ती दिवसाढवळ्या, रिकामी, धुऊन पुसून. पार्सलं चढतात रात्री. दुसरा ड्रायव्हर खरंच आहे का, त्याच्या खिशात अवजड प्रवासी वाहनाचं चालू लायसन्स आहे का, काल रात्री तो कुठून गाडी घेऊन आला, हे त्या सर्टिफिकेटवर कुठे असतं?

मोठा अपघात झाला की आरटीओची वायुवेग पथकं रस्त्यावर उतरतात, पावत्या फाटतात, दंडाचा आकडा पेपरात येतो. थोड्या दिवसांत सगळं थंड. माणसं कमी आहेत हे आरटीओचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच जिथे रोज रात्री ओळीने खासगी बस उभ्या असतात तिथेच निरीक्षक उभा करा. हमरस्त्यावर भरधाव गाडी अडवण्यापेक्षा ते सोपंही आहे आणि सुरक्षितही. मागची खिडकी उघडून दाखव, हातोडी दाखव, आग विझवायचा सिलिंडर दाखव, दोघांची लायसन्स दाखव. पाच मिनिटांचं काम. एकही गोष्ट कमी निघाली तर बस तिथेच थांबली पाहिजे आणि प्रवाशांना त्याच ठिकाणी पैसे परत मिळाले पाहिजेत.

गुन्हा एकट्या ड्रायव्हरवर टाकून मोकळं होणंही बंद व्हायला हवं. खिडकीपुढे माल भरायला त्याने सांगितलेलं नसतं, ते भाडं मालकाच्या खिशात जातं, तेव्हा परमिट मालकाचं निलंबित करा. आणि सुरुवात दिवाळीच्या गर्दीत करा, कारण दोन बर्थच्या मधल्या वाटेत माणसं झोपवतात ती त्याच दिवसांत.