दुसऱ्याच्या दुकानातलं मशीन

सांगलीतल्या एका श्रवणयंत्र केंद्रातल्या ऑडिओलॉजिस्ट मॅडम यांस,



गेल्या मंगळवारी आपल्या केंद्रात माझ्या वडिलांचं, अण्णांचं, जे स्वागत झालं, त्याचे आभार मानायचे राहून गेले. काउंटरवरच्या मुलीनं डबी उघडली, मशीन हातात घेतलं, आणि त्यातून आवाज येतो का हे बघण्याआधी त्यावरचा सिरियल नंबर वाचून कॉम्प्युटरला घातला. कॉम्प्युटरला आमची ओळख पटली नाही. डबी जशी आली तशी काचेवरून परत सरकली. मग आपण स्वतः बाहेर येऊन निकाल दिलात, "हे आमच्याकडून घेतलेलं नाही." मी म्हटलं, पण कंपनी तीच आहे की, बाहेर जिचा बोर्ड लावलाय ती. "हो, पण ऑनलाइन घेतलंय ना? मग त्यांनाच विचारा."

त्यांना विचारूनच आलो होतो, मॅडम. त्यांनी फार तत्परतेनं जवळच्या अधिकृत केंद्राचा पत्ता पाठवला होता. तो आपलाच निघाला.

तसे अण्णांचे कानही आपल्याकडून घेतलेले नाहीत. त्यांची पावती मागितली नाहीत, हा आपला मोठेपणा. वय अठ्ठ्याहत्तर. मिरज जंक्शनवर मीटर, नॅरो आणि ब्रॉड अशा तिन्ही गेजच्या इंजिनांशेजारी त्यांची नोकरी झाली, आणि त्या इंजिनांनी जाताना कानातले वरच्या पट्टीचे आवाज सोबत नेले. हे मी आपल्याला सांगायला नको. त्यांच्या ऑडिओग्रॅमच्या आलेखावर नजर टाकताच आपण ओळखलं असतं. तो माझ्या पिशवीत होता. पिशवीतच राहिला.

ऑनलाइन सगळा भंगार माल असतो, असंही आपण म्हणालात. हजार-दीड हजारात जे विकलं जातं, भांड्यांचा आणि माणसांचा आवाज सरसकट मोठा करून कानात ओततं, त्याबद्दल आपलं म्हणणं मान्य. पण आमचं मशीन आपल्याच काचेच्या कपाटात, दुसऱ्या कप्प्यात, त्याच रंगात मांडून ठेवलंय. फरक एवढाच की आमचं माझ्या पुतण्यानं बेंगळुरूत बसून, आपल्या भावाच्या साठ टक्क्यांत घेतलं. यावर आपण सुचवलेला उपाय तर लाजवाब होता. जुनी जोडी जमा करा, नव्या जोडीवर सूट घ्या. म्हणजे जे मशीन उघडून बघायला आपण तयार नव्हता, ते परत घ्यायला एका पायावर तयार होता.

उजव्या मशीनला काय झालं होतं, ते सांगू? काही झालं नव्हतं. कानात जाणाऱ्या रिसीव्हरच्या टोकाला जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची जाळी असते, वॅक्स गार्ड. ती मळानं बुजली की मशीन मुकं होतं. बंद पडलं म्हणून आपल्याकडे येणाऱ्या मशीनांत अशी किती असतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. सोबतच्या काडीच्या एका टोकानं जुनी जाळी ओढून काढायची, दुसऱ्या टोकानं नवी बसवायची, झालं. बहुतेक कंपन्यांची जाळी वेगळी आणि एकीची दुसरीला सहसा चालत नाही, हा या धंद्याचा आणखी एक गोडवा. मी जाळ्यांचं पाकीट मागवलं आणि माझी बोटं जाडी म्हणून मिरजेच्या मार्केटातल्या घड्याळजीकडे गेलो. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, जाळी बदलली, वरची मऊ टोपी, डोम, पुसून दिली आणि वीस रुपये घेतले. मशीन कुठून घेतलं, हे त्या अडाण्याला विचारायचं सुचलंच नाही.

पण घड्याळजीचं काम तिथं संपलं. पुढचं फक्त आपल्यालाच येतं, आणि म्हणून हा एवढा मोठा कागद.

अण्णांना बातम्या ऐकू येतात. सून स्वयंपाकघरातून काय म्हणते तेही, कधीकधी जरुरीपेक्षा जास्त, ऐकू येतं. ऐकू येत नाही तो तंबोरा. या मशीनांमध्ये आवाज वाढवण्याचं जे सूत्र असतं, ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेचं एनएएल-एनएल२ घ्या की कंपनीचं घरचं, ते माणसाचं बोलणं समजावं यासाठी रचलेलं. बोलणं चढतं, उतरतं, मधे थांबतं. एकसारखा चालू राहतो तो पंखा, मिक्सर, स्टँडवर उभ्या एसटीचं इंजिन. म्हणून एकसारखं काही कानावर आलं की मशीन ते दाबतं. तंबोराही एकसारखा चालू राहतो! मशीन त्याला पंखा समजतं. आणि गवयानं तार षड्जावर ठाण मांडलं की मशीनला वाटतं ही आपलीच फीडबॅकची शिट्टी, मग ते तिला मारायला धावतं आणि चांगला तयार स्वर थरथर कापायला लागतो. मागच्या खेपेला अण्णांनी एका नावाजलेल्या गायकाबद्दल "आता त्यांचा आवाज राहिला नाही" असं मत दिलं. बिचाऱ्या गायकाची काही चूक नव्हती.

हे अमुक एका गावात घडतंय, म्हणून जास्त लागतं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७मध्ये गेले ते मिरजेच्या दर्ग्यातच विसावले. उरुसात तिथं त्यांच्या स्मृतीची संगीतसभा होते. अण्णा ड्यूटी नसली की पुढच्या सतरंजीवर, आणि ड्यूटी असली की ती बदलून घेऊन पुढच्या सतरंजीवर. तंबोरे नीट जुळेपर्यंत तोंड न उघडणाऱ्या किराणा घराण्याची गाणी ऐकत हा माणूस म्हातारा झाला, आणि आता त्याच्या कानातलं महागडं यंत्र त्याला सांगतं की तो सगळा गोंगाट होता.

यावर इलाज आहे. संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम बनवायचा. त्यात गोंगाट दाबणं बंद, फीडबॅकवरचा पहारा सैल, लहान-मोठ्या आवाजांतलं अंतर फार चेपायचं नाही. एरवी नेहमीचा प्रोग्रॅम, सभेत बसलं की बटण दाबून हा. पूर्वीइतकं ऐकू येणार नाही, हे अण्णांनाही कळतं. पण हा प्रोग्रॅम बनवायला लागणारं सॉफ्टवेअर कंपनी आपल्यासारख्यांनाच देते. तर सॉफ्टवेअर आणि ते चालवणारा हात टेबलाच्या पलीकडे, अण्णांचे कान अलीकडे, आणि मधे सिरियल नंबर.

आपल्या केंद्रापासून दहा किलोमीटरवर मिरजेची सतारमेकर गल्ली आहे. तिथली घराणी पूर्वी तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांची. तिथं कुणी कलकत्त्याहून घेतलेला तंबोरा आणला तर कारागीर आधी तार छेडतो, मग घोडीवर बोट फिरवतो, मग जवारीचे किती होतील ते सांगतो. हा आमच्या गल्लीतला भोपळा नाही, असं म्हणून वाद्य परत सरकवणारा तिथं अजून जन्मायचाय. उलट दुसऱ्याच्या हातचं वाद्य आलं की त्याला चेव येतो, बघू तरी कुणी काय करून ठेवलंय.

मी आपल्याला हेच विचारलं होतं, की तपासणीचे आणि सेटिंगचे किती होतील? आपण म्हणालात, "आमच्याकडे तसा रेट नसतो."

बाकी सगळं मी विसरेन, हे वाक्य नाही. इंटर्नशिप धरून चार वर्षं घालून आपण ही विद्या शिकलात. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी भिंतीवर फ्रेममध्ये आहे. आणि त्या विद्येला रेट नाही! रेट फक्त डबीला. डबीच्या आकड्यात मशीन, फिटिंग, पुढच्या काही वर्षांच्या फेऱ्या, एसी, बोर्ड, वर्तमानपत्रातली जाहिरात हे सगळं कालवून टाकायचं, आणि कुणी यातली नुसती विद्या मागितली तर ती सुटी मिळत नाही. सरकारनं श्रवणयंत्रावरचा जीएसटी शून्य ठेवला, तो कुणाच्या कानांसाठी?

३ मार्चला, जागतिक श्रवण दिनी, आपण चौकात मोफत तपासणीचा मांडव घालता. कमी ऐकू येण्याकडे दुर्लक्ष केलं तर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असा फलक लावता. खरंच आहे ते, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२०मध्ये सांगितलेल्या टाळता येण्याजोग्या कारणांत ऐकू न येणं आहेच. मग एक ऐकू न येणारा म्हातारा आपल्या दारात आला, फुकट नको म्हणाला, पैसे खिशात घालून आला, तेव्हा तो धोका कुठं गेला? ऑनलाइन मशीन घेणाऱ्यांना स्मृतिभ्रंश होत नाही? तो बाकावर बसून आपल्या सगळ्यांच्या ओठांकडे बघत होता आणि मला विचारत होता, काय म्हणतायत. काय सांगायचं होतं मी त्याला? लाज वाटायला हवी होती, मॅडम. कुणाला तरी.

कुणाला, इथं मात्र माझं पेन अडतं.

कारण आपल्या खुर्चीमागच्या पांढऱ्या फळ्यावर महिन्याच्या जोड्यांचं टार्गेट लिहिलेलं होतं आणि त्यापुढे आपलं नाव. किती जणांना नीट ऐकू यायला लागलं, असा रकाना त्या फळ्यावर नव्हता. शेजारी मुंबईच्या अली यावर जंग संस्थेचं प्रमाणपत्र होतं. तिथं आपल्याला टार्गेट शिकवलं नसणार. आमच्या मशीनला हात लावलात आणि ते बिघडलं, तर कंपनी म्हणणार वॉरंटी विकणाऱ्याची, मालक म्हणणार बाहेरचं काम घेतलंसच का, आणि स्वस्तात घेतल्याचा टेंभा मिरवणारा मीही भांडायला बेंगळुरूला जाणार नाही, आपल्याकडेच येणार.

आणि आम्ही निघालो तेव्हा आपण जिन्यापर्यंत आलात. अण्णांच्या समोर, उजेडाकडे तोंड करून उभ्या राहिलात आणि ओरडल्याशिवाय, सावकाश म्हणालात, "आजोबा, कानात तेल घालू नका. पावसाळ्यात मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा." त्या दिवशी अण्णांना पहिल्या झटक्यात कळलेलं ते एकच बोलणं. रिक्षात ते म्हणाले, पोरगी हुशार आहे. मला तेव्हा फार राग आला होता.

म्हणून आपल्यामार्फत मालकांना विनंती. एक कागद टाइप करून काउंटरवर चिकटवा. तपासणीचे इतके, प्रोग्रॅमचे इतके, कानात बारीक नळी घालून पडद्यापाशी पोचणारा आवाज मोजायची सोय असेल तर त्याचे इतके. बाहेरून आणलेल्या मशीनला वर आणखी इतके, दंड म्हणा हवं तर. बिघाडाची जबाबदारी घेणार नाही, असं खाली लिहा, मी सही करतो. गिऱ्हाइकांची काळजी नको. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२पासून मोठ्या माणसांसाठी मशीनं चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतात, सुट्टीला येणारी मुलं ती बॅगेतून आणणारच. मालकांना जमलं नाही तर घड्याळजी जागा वाढवायचं म्हणतोय.

कागद लागेपर्यंत थांबता येणार नाही, उरूस तोंडावर आलाय. येत्या मंगळवारी अण्णांना घेऊन येतो. ऑडिओग्रॅम या वेळी आधीच हातात धरतो. काळी एकच्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये घेतलंय, त्यावर प्रोग्रॅम लावून बघता येईल. मालक दीड ते साडेतीन जेवायला घरी जातात, असं काउंटरवरच्या मुलीकडून कळलं. पैसे रोख. पावती नको.

आपला,
आपल्या रजिस्टरात नसलेल्या पेशंटचा मुलगा