बिल्लेवाला कॉन्डॉर

वाळवंटातले पक्षी माणसाचा अंत पाहतात. एक तर ते खडकाच्याच रंगाचे. त्यात जे गप्प असतात ते सापडत नाहीत आणि जे गातात ते दिसत नाहीत. ॲरिझोनातल्या मार्बल कॅन्यनच्या काठावर ‘कॅन्यन रेन’ नावाचा एवढासा तांबूस पक्षी शीळ घालतो. वरच्या पट्टीत सुरू झालेली ती शीळ घसरत घसरत दरीत उतरते आणि कड्यांवर अशी घुमते की गवई नक्की कुठे बसलाय ते कळूच नये. आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर दुर्बीण घेतली आहे. तिच्यातून बराच वेळ नुसते दगड पाहून झाल्यावर ते म्हणाले, “काय देखणा पक्षी असेल!” समोर दिसणाऱ्या बायकोच्या वाट्याला ही दाद अजून आलेली नाही.

म्हणून मला कॅलिफोर्निया कॉन्डॉर आवडला. लपाछपी नाही. पंख पसरले की साडेनऊ फूट, डोक्याला चकचकीत टक्कल आणि पंखावर कंडक्टरच्या बिल्ल्यासारखा ठसठशीत नंबर. पक्षी ओळखायला ह्याहून काय हवं?

त्या नंबरामागची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. 1982 साली जगात मोजून 22 कॉन्डॉर उरले होते. 1987 मध्ये रानातला शेवटचाही पकडला आणि पिंजऱ्यातच पैदास सुरू केली. पिल्लांना माणसांचा लळा लागू नये म्हणून कॉन्डॉरच्या तोंडाची बाहुली हातात चढवून त्यांना भरवत. (आमच्या नातवाला भरवण्यासाठी मी ही युक्ती सुचवली; सूनबाईंनी विषय बदलला.) 1996 साली जवळच्याच व्हर्मिलियन क्लिफ्सवरून काही पक्षी सोडले, त्यांचा गोतावळा आता ह्या पठारांवर आणि दऱ्यांत नांदतो.

नांदतो, पण सुखाने नाही. शिकाऱ्याने टाकून दिलेल्या मांसात गोळीचं शिसं असतं. ते पोटात गेलं तर कॉन्डॉर मरूही शकतो. भारतातली आपली गिधाडंही अशीच, गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅक नावाच्या औषधाने गेली. त्या औषधाच्या जनावरांवरच्या वापराला 2006 मध्ये बंदी झाली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. मेलेलं खाऊन रान स्वच्छ ठेवणाऱ्यांना दोन्हीकडे पगार म्हणून विषच मिळालं.

ह्यांचं लक्ष तोवर आकाशात. दिसेल त्या काळ्या ठिपक्याला “कॉन्डॉर!” अशी आरोळी. मुलगा शांतपणे सांगे, “बाबा, टर्की व्हल्चर. पंख वर उचलून डुलतंय बघा. कॉन्डॉर पंख आडवे ताणून स्थिर तरंगतो.” मग उन्हाळ्यात कॉन्डॉर स्वतःच्याच पायांवर शिटून अंग गार ठेवतो, हेही त्याने सांगितलं. नेमके मी थालीपीठं सोडत असताना.

तुमची मुलं फिनिक्सला असतील आणि तुम्हाला ग्रँड कॅन्यन दाखवायला नेणार असतील, तर गाडी मार्बल कॅन्यनवरच्या नवाहो ब्रिजकडेही वळवायला लावा. तिथे शेजारी शेजारी दोन पूल आहेत. 1929 चा जुना पूल आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. खाली साडेचारशे फुटांवर कोलोरॅडो नदी. टोपी आणि पाणी घ्या, कठड्यावर फार वाकू नका आणि आभाळाऐवजी शेजारच्या पुलाखालच्या लोखंडी तुळया बघा. कॉन्डॉर बऱ्याचदा तिथेच सावलीत बसलेले असतात.