चौथ्या सीटची मीमांसा

मुंबई लोकलच्या सेकंड क्लासात समोरासमोरचे बाक तिघांसाठी असतात. त्यावर बसलेला चौथा इसम खरोखर आहे की भास आहे, हा प्रश्न विद्वानांनी आजवर टाळला. आम्ही तो कल्याण ते सीएसएमटी या ५४ किलोमीटरांत, बहुतांशी उभ्याने, अभ्यासला.

पूर्वपक्ष असा: बाक तिघांचा, तेव्हा चौथी सीट म्हणजे वंध्यापुत्र. सिद्धान्त असा: 'जरा सरका' म्हणताच ती उत्पन्न होते, म्हणून ती शब्दजन्य आहे. तिचे माप बाकाच्या टोकाला उरलेली चार बोटे. तिच्यावर एकच मांडी टेकते. दुसरा पाय वाटेत, ब्रेक लागला तर रोवायला. शाकुंतलात इंद्र दुष्यंताला अर्धे आसन देतो, त्याचे केवढे कौतुक! डोंबिवलीकराला त्याच्याही निम्मे मिळते आणि वर बॅगही मांडीवर घ्यावी लागते.

ही सीट प्राचीन नव्हे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या गाडीत १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे होते. डब्यामागे तीसही नाहीत. अशा ऐसपैस काळात शास्त्र जन्मत नसते.

उत्तराधिकाराचा कायदा मात्र एका प्रश्नात मावतो: 'कुठे उतरणार?' वर्षानुवर्षे माणसाचे नाव ठाऊक नसते, स्टेशन ठाऊक असते. उत्तर 'कुर्ला' आले की ती सीट बुक. खोटे कोणी सांगत नाही, कारण उद्या हीच गाडी, हाच डबा. २०१४ मध्ये वर्सोवा मेट्रो घाटकोपरला येऊन टेकली आणि तिथे उतरणारे वाढले, तेव्हापासून घाटकोपरवाल्याभोवती उभे राहणाऱ्यांची भक्ती वाढली आहे. (खुद्द मेट्रोत बाक भिंतीला लावलेले, तिथे या विद्येला भवितव्य दिसत नाही.)

'डाऊन करणारा' हा पंथ वेगळा. मुंबईला जायचे म्हणून हा डोंबिवलीहून आधी उलटा कल्याणला जातो आणि बसून परत डोंबिवलीत येतो. ध्येयाकडे पाठ करून ते गाठण्याची ही साधना करणाऱ्याकडे कल्याणपर्यंतचा पास हवा, एवढीच अट.

गेल्या मंगळवारी खिडकीतले काका कुर्ला सांगून घाटकोपरलाच उठले.

'कुर्ला ना तुमचं?'

'कुर्लाच. पण तुम्ही डोंबिवलीपासून उभे आहात. बसा.'

खिडकीत शेजारचा सरकला, त्याच्या जागी त्याच्या शेजारचा, तिथे चौथा. माझ्या वाट्याला चार बोटे आली. मी मांडी टेकली, बॅग घेतली, आणि समोर उभ्या असलेल्या मुलाने विचारले, 'काका, कुठे उतरणार?'